इत्ते किमासु म्हणजे जाऊन येते

जपानी कशी शिकलीस, कुठलं ॲप, किती वर्षं लागली असं हल्ली बरेच जण विचारतात आणि मी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगत बसते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. थोडं लांबेल पण ज्याला खरंच सुरुवात करायचीय त्याला कामाला येईल.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिक्षण कराडकडचं, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणच्या कंपन्यांत जपानी शब्द आधीपासून तोंडात असतात, गेम्बा, मुदा, पोका-योके, आणि जागा आवरून स्वच्छ ठेवायच्या फाइव्ह एस पद्धतीचे सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके तर सकाळच्या मीटिंगला सगळे मिळून म्हणतात. पण ते मंत्रासारखं, अर्थ जुळवून कोणी म्हणत नाही. तिकडून इंजिनिअर आले की मी पार्ट हातात धरून उभी, ते काहीतरी बोलणार, इंटरप्रिटर ऐकणार, मग इंग्रजीत मला सांगणार, मग मी मराठीत ऑपरेटरला सांगणार. एकदा त्यांनी पार्टच्या कडेवर बोट ठेवलं आणि "बारि" म्हणाले, इंटरप्रिटर फोनवर होता, आणि मला कोणी न सांगता कळलं की हे बर म्हणतायत, आपण कटिंगनंतर राहिलेल्या त्या धारेला बर म्हणतो ना, तेच. त्या एका शब्दाने मला फार बरं वाटलं आणि जून २०१९ मध्ये मी पुण्यात शनिवार-रविवारचा क्लास लावला, तेव्हा मी २९ वर्षांची होते.

क्लासला पुस्तक होतं मिन्ना नो निहोंगो, बहुतेक ठिकाणी हेच असतं. पहिल्या भागात २५ धडे, दुसऱ्यात पुढचे २५, साधारण पहिला भाग झाला की जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेतल्या एन५ या पहिल्या पातळीची आणि दोन्ही झाले की त्यापुढच्या एन४ची तयारी होते. मेन पुस्तक पूर्ण जपानीत असतं आणि व्याकरणाचं वेगळं पुस्तक इंग्रजीत. इथेच माझी गाडी अडकायची. जपानी वाक्य वाचायचं, त्याचं इंग्रजी करायचं, मग इंग्रजीचं मराठी, आणि या दोन उड्यांमध्ये अर्थ कुठेतरी सांडून जायचा.

नवव्या धड्यात 'आवडणे' येतं. मला आंबा आवडतो यासाठी मी लिहिलं, वाताशि वा मांगो ओ सुकि देसु. मॅडमनी त्या 'ओ' भोवती लाल गोल केला, तिथे 'गा' पाहिजे. का ते मला समजेना कारण इंग्रजीत तर आय लाइक मँगो, मँगो हे कर्म, आणि कर्माला 'ओ' लागतो हे आधीच शिकवलेलं. घरी येताना बसमध्ये डोक्यात तेच चाललेलं. मला आंबा आवडतो. मला चिंच आवडते. मला लिंबू आवडतं. अरे, क्रियापद तर आंब्याप्रमाणे बदलतंय, माझ्याप्रमाणे नाही! मराठीत आवडणारी वस्तूच पुढे असते आणि जपानीतही तसंच, म्हणून 'गा'. मग पुढचे बघितले, समजणे, पाहिजे असणे, येणे. मला जपानी समजते, निहोंगो गा वाकारु. मला पाणी पाहिजे, मिझु गा होशी. सगळीकडे तोच 'गा', आणि सगळीकडे मराठीत 'मला' ने सुरू होणारं वाक्य.

त्या रात्री दोनशे पानी वही घेतली, डाव्या पानावर जपानी वाक्य आणि उजव्या पानावर मराठी. इंग्रजी अजिबात नाही. आणि तुम्हाला खरं सांगते, माझ्याकडचा सगळ्यात मोठा सल्ला हाच आहे, ॲप आणि पुस्तकं नंतर, आधी इंग्रजी मधून काढून टाका. आपण मराठी माणसं जपानीच्या खूप जवळ उभी आहोत आणि उगाच लांबून वळसा घालून जातो.

बघा ना, प्रश्नाला शेवटी काय लावायचं? 'का'. इकिमासु का? जाता का? अक्षरसुद्धा तेच. क्रियापद शेवटी. 'चा-ची-चे' ला 'नो', आणि त्याला लिंग-वचनाची भानगड नाही. नऊपासून पाचपर्यंत म्हणजे कुजि कारा गोजि मादे, जसं आपण बोलतो त्याच क्रमाने. 'काल आलेला माणूस' याचं इंग्रजी करायला गेलं की हू वगैरे लावून वाक्य उलटं करावं लागतं, जपानीत किनो किता हितो, काल आलेला माणूस, बस. हा बावीसावा धडा क्लासमध्ये बाकीच्यांना जड गेला आणि मी एका संध्याकाळी संपवला. शेवटी 'ने' लावतात तो आपला 'ना', छान आहे ना, आणि 'यो' म्हणजे बरं का, हं, असं काहीतरी. माणसं मोजतानाही एकाला हितोरि, दोघांना फुतारि आणि तिथून पुढे निन लावायचं, इंग्रजीवाल्यांना हे विचित्र वाटतं पण आपण दोन माणसं आली असं कमी आणि दोघं आली असं जास्त म्हणतो.

पण खरी मजा चौदाव्या धड्यापासून, ते-रूप, म्हणजे क्रियापदाचं 'ते' किंवा 'दे' ने संपणारं रूप. सगळे घाबरवतात की ते-रूप अवघड. रूपं पाठ करावी लागतात हे खरं, मु-बु-नु चं न्दे होतं, कु चं इते होतं, ते दोन आठवडे रोज घोकलं. पण वापर? वापर आपल्या 'ऊन' सारखा. ताबेते मिरु, यात मिरु म्हणजे बघणे, खाऊन बघणे. काइते ओकु, ओकु म्हणजे ठेवणे, लिहून ठेवणे. मोत्ते कुरु, घेऊन येणे. वासुरेते शिमात्ता, विसरून बसले. हा शेवटचा 'शिमाउ' इंग्रजी पुस्तकात अर्धं पान समजावलाय, कधी काम पूर्ण झाल्यावर, कधी पश्चात्ताप झाल्यावर, आणि आपण मात्र खाऊन टाकलं आणि विसरून बसले हे दोन्ही रोज बोलतो, टाकणे आणि बसणे तिथे काय करतायत हे कोणी न शिकवता.

आणि घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो इत्ते किमासु. जाऊन येते. हे मी घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, मग बरोबरच आहे, निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. आणि घरातले उत्तर देतात इत्तेराश्शाय, जाऊन ये. त्या दिवसापासून मी सकाळी सहाच्या बसला निघताना त्यांना इत्ते किमासु म्हणते आणि त्या स्वयंपाकघरातून इत्तेराश्शाय म्हणतात, त्यांना दुसरा एकही जपानी शब्द येत नाही पण हा चुकत नाहीत.

अजून एक सांगायलाच पाहिजे, 'ते इरु'. इंग्रजी पुस्तकात आधी हे त्यांच्या -ing सारखं शिकवतात, ताबेते इरु म्हणजे खातोय. ठीक. मग येतं किते इरु. क्लासमधल्या सगळ्यांनी लिहिलं 'येतोय'. चूक. त्याचा अर्थ 'आलाय'. येऊन पोचलाय आणि आता इथे आहे. केक्कोन शिते इरु म्हणजे लग्न झालंय. सुवात्ते इरु म्हणजे बसलाय. इंग्रजीतून हे अपवाद म्हणून पाठ करावे लागतात, मराठीतून अपवाद राहतच नाहीत.

उच्चारांचं पण तसंच. जपानी वर्णमालेचा क्रम अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना, वाटणारच, बौद्ध धर्माबरोबर संस्कृतचा जो अभ्यास तिकडे गेला त्यातून हा क्रम बसलाय, त्यामुळे छापील शब्दकोशात शब्द शोधायला मला कधी त्रास झाला नाही. त्सुनामीतला त्सु म्हणजे आपल्या 'चूल' मधला चू, आणि 'झा' म्हणजे जागा मधला जा, हे उच्चार आपल्या जिभेला आधीच बसलेत. ह्रस्व-दीर्घ मात्र पाळायचं, ओबासान म्हणजे मावशी-आत्या आणि ओबाऽसान म्हणजे आजी, तिथे घाई केली तर समोरची बाई नाराज होईल. तसंच किते आणि कित्ते वेगळे, जसे मका आणि मक्का वेगळे. सुरुवातीला देवनागरीत लिहिलं तर चालेल, रोमनपेक्षा बरंच, पण दहा-पंधरा दिवसांत हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्या हातात बसल्याच पाहिजेत, त्यानंतर देवनागरी बंद. मी दोन महिने रेंगाळले आणि वाचनाचा वेग तिथेच मागे राहिला.

कांजी म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, त्यांना सगळे घाबरतात. रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारी यादीत २१३६ आहेत. एकेका अक्षराचे दोन-दोन तीन-तीन उच्चार, हे बघून माझ्याबरोबरच्या दोघींनी क्लास सोडला. मला यातली वाट कंपनीतच सापडली. आमच्या जुन्या मशीनजवळ तिकडूनच आलेला एक लाल सिलिंडर होता, त्यावर तीन कांजी, शोकाकि. शो म्हणजे विझवणे, का म्हणजे आग, कि म्हणजे उपकरण. पण आगीला तर हि म्हणतात हे मी शिकलेले, मग इथे का कशाला? शेजारीच आपला मराठी बोर्ड होता, अग्निशामक यंत्र. आणि एकदम लक्षात आलं की आपण तरी काय करतो, आग लागली म्हणतो पण अग्निशामक म्हणतो, आगशामक नाही म्हणत. पाणी पितो पण जलविद्युत म्हणतो. डोळा दुखतो पण जातो नेत्रतज्ज्ञाकडे. एकटा शब्द असेल तर घरगुती उच्चार आणि जोडून आला की संस्कृतातला. जपानीत अगदी हेच चालतं, फक्त संस्कृतच्या जागी चिनी. पाणी एकटं असेल तर मिझु, जोडशब्दात सुइ, पाणीपुरवठा सुइदो, बुधवार सुइयोबि. हात एकटा ते, जोडशब्दात शु, आणि आकुशु म्हणजे शेकहँड, आपलं हस्तांदोलन. हे समजल्यावर मी सुटी कांजी पाठ करणं बंद केलं, शब्दासकट लिहायची, आणि शेजारी जमेल तिथे मराठी जोडशब्द. रोज दहा नवीन शब्द अंकि ॲपवर, अँड्रॉइडला फुकट आहे, विसरायच्या बेताला आलं की ते कार्ड परत समोर आणतं. नवीन दहाच, पण जुनी साचलेली सगळी त्याच दिवशी, बसमध्ये भोसरीपर्यंत होऊन जायची. चार दिवस सोडलं की ढीग होतो आणि मग उघडावंसं वाटत नाही, त्यामुळे ताप असला तरी नवीन बंद ठेवा पण जुनी उघडाच.

परीक्षांचं सांगते. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड. बोलणं आणि लिहिणं तपासत नाहीत, सगळं पर्यायांचं आणि पेन्सिलने गोल भरायचे. डिसेंबर २०१९ ला एन५ झाले. जुलै २०२० ची परीक्षा कोरोनामुळे जगभर रद्द झाली आणि माझाही सूर गेला, डिसेंबर २०२२ ला एन४. मग डिसेंबर २०२३ ला एन३ दिली. यात पास व्हायला १८० पैकी ९५ लागतात. मला मिळाले १०१, भाषाज्ञान ४५, वाचन ३९, श्रवण १७. आणि नापास. कारण तीनही विभागांत प्रत्येकी किमान १९ लागतात, एकात जरी कमी पडले तरी गेली. हे मला माहीत होतं, पण ऐकण्याकडे मी कधी गंभीरपणे बघितलंच नव्हतं. निकाल जानेवारीत लागला आणि दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही, खूप लागलं मनाला.

नंतर जुन्या सराव परीक्षेचा ऑडिओ लावून, एकेक वाक्य थांबवून, जसं ऐकू येतं तसं कानाने लिहायला लागले. तेव्हा कळलं कुठे मार खातेय. शब्द मला येत होते, पण बोलताना ते आकसतात. पुस्तकात ताबेते इरु, बोलताना ताबेतेरु. पुस्तकात वासुरेते शिमात्ता, बोलताना वासुरेचात्ता. काइते ओकु चं काइतोकु. आणि यात नवल काय, आपण तरी 'करीत आहे' कुठे बोलतो, करतोय म्हणतो, कोल्हापूरकडे करालोय म्हणतात, परदेशी माणूस पुस्तक वाचून आला तर त्याला यातलं काहीच कळणार नाही. मग रोज वीस मिनिटं ठरवून घेतली, दोन मिनिटांचा ऑडिओ, आधी लिहायचा, मग मजकुराशी ताडून बघायचा, मग त्या आवाजाच्या मागोमाग त्याच वेगात मोठ्याने बोलायचं. परीक्षेत ऑडिओ एकदाच ऐकवतात, म्हणून सराव परीक्षा सोडवतानाही पहिल्यांदा एकदाच ऐकायचं आणि उत्तर लिहून मोकळं व्हायचं. जुलै २०२४ ला पास झाले.

फुकटातल्या गोष्टी विचारल्या होत्या कोणीतरी. इरोदोरि नावाचं पुस्तक आहे, जपान फाउंडेशनचं, ऑडिओसकट डाउनलोड होतं, त्यात दुकान, डॉक्टर, कचरा टाकणं असले रोजचे प्रसंग आहेत, जपानला कामाला जाणाऱ्याने हेच घ्यावं. एनएचके वर्ल्डचे सोपे धडे आहेत, त्यांच्याच सोप्या जपानीतल्या बातम्या एन४ नंतर वाचायला घ्या. तादोकु म्हणून छोटी छोटी गोष्टींची पुस्तकं फुकट मिळतात, लेव्हलप्रमाणे, त्यात शब्दकोश न उघडता वाचायचं. शब्द बघायला जिशो हा ऑनलाइन शब्दकोश. एवढं पुरे, मी सुरुवातीला अकरा ॲप भरली होती मोबाइलमध्ये आणि त्यातली आठ कधी उघडलीच नाहीत. परीक्षेचा फॉर्म मात्र सुटला की लगेच भरा, एकदा मी चार दिवस उशीर केला तर पुण्याचं सेंटर भरून गेलेलं आणि मला मुंबईला जाऊन द्यावी लागली. आणि जे तोकुतेइ गिनो, म्हणजे ठरावीक क्षेत्रांतल्या कुशल कामगारांच्या व्हिसावर जायचं म्हणतायत, २०१९ पासून सुरू झालेला तो, त्यांनी आधी एन४ नाहीतर जपान फाउंडेशनची जेएफटी-बेसिक ही भाषेची परीक्षा द्यावी, वृद्धसेवेच्या कामाला त्याशिवाय वेगळी भाषेची परीक्षा असते. भाषा न शिकवता आधी लाखांत पैसे मागतो त्याच्यापासून लांब राहा. आमच्या गावचा एक मुलगा यात अडकला, म्हणून कळकळीने सांगतेय.

मराठी कुठे फसवते तेही सांगते. देणे आपल्याकडे एकच, तिकडे मी दिलं तर आगेरु आणि मला कोणी दिलं तर कुरेरु, हे चुकलं की कोणी कोणाला मदत केली तेच उलटं होतं. 'वा' आणि 'गा' मधला फरक अजून माझा पूर्ण पक्का नाही. आणि आदरार्थी बोलणं. आपण बाहेरच्या माणसासमोर आपल्या साहेबांबद्दल आदरानेच बोलतो, साहेब आलेत, साहेब म्हणाले. मी पण कस्टमरच्या माणसांसमोर आमच्या साहेबांच्या नावाला सान, म्हणजे आपल्या 'जी' सारखं, लावलं. मीटिंगनंतर आमच्याकडच्या जपानी इंजिनिअरनी बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की बाहेरच्यासमोर आपल्या माणसाला सान लावायचं नाही, तो आपल्यातला, त्याला खाली ठेवायचं म्हणजे समोरचा आपोआप वर जातो. मला ते पटायला वेळ लागला, साहेबांचं नुसतं नाव घ्यायला जीभ वळत नाही अजून.

आता एन२ चालू आहे, वाचन लांब असतं आणि वेळ पुरत नाही. रविवारी दुपारी आमच्या लाइनवरच्या दोन मुली घरी येतात, एक आयटीआयची, त्यांच्यासाठी मी ती जुनी वही काढलीय. मागच्या आठवड्यात एकीने विचारलं ताई, खाऊन बघ ला मिरु तर करून बघ ला काय, मी म्हटलं तूच सांग, तर पटकन म्हणाली शिते मिरु.

मागच्या महिन्यात ते इंजिनिअर परत आले होते, बारिवाले. ऑडिटच्या वेळी मी मापायचा गेज हातात धरून दुसऱ्या पार्टकडे वळत होते तेवढ्यात ते मान वर न करता म्हणाले, सोको नि ओइतोइते. मी गेज टेबलावर ठेवला आणि पार्ट उचलून त्यांच्यापुढे धरला, आणि मग इंटरप्रिटर माझ्याकडे बघून म्हणाला, मॅडम, ते म्हणतायत तिथे ठेवून द्या.